चूल वेगळी, मंडळी एक

1893 साली नागपूरहून राजनांदगावकडे निघालेल्या आगगाडीत एका मराठी कवीची एका पाश्चात्य प्रवाशाशी गाठ पडली. कवी होते नारायण वामन टिळक. राजनांदगाव संस्थानात नोकरीचे काही जमते का, हे पाहायला ते निघाले होते. बोलणे संस्कृत काव्यावरून धर्मावर आले आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती बायबल ठेवले. पुढे दोन वर्षांच्या आत, 10 फेब्रुवारी 1895 रोजी, टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

ही गोष्ट अनेकांना ठाऊक असते. ख्रिस्ती मंडळीतल्या मतभेदांचा आदर कसा करावा, या विषयाला मात्र तिचा पुढचा भाग जास्त लागू पडतो, आणि तो टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा आहे.

नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा लक्ष्मीबाईंना कुणी विचारले नव्हते. सोवळ्याओवळ्यात वाढलेली, लहानपणीच लग्न झालेली ही बाई मुलाला घेऊन नातलगांच्या आश्रयाने राहिली. साडेचार-पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर ती अहमदनगरला टिळकांकडे आली, ती आपला धर्म बरोबर घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. एका घरात एक माणूस ख्रिस्ती पाळकाच्या वाटेवर आणि दुसरे माणूस सोवळे नेसून चुलीपाशी. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी हे दिवस कसलाही आव न आणता सांगितले आहेत. स्वतःचे हट्टही लपवलेले नाहीत आणि टिळकांचा तापटपणाही.

टिळकांना संत ठरवण्याची गरज नाही. बायकोला विश्वासात न घेता त्यांनी केलेला निर्णय तिच्यावर वज्राघातासारखा कोसळला, आणि त्याची किंमत तिने अनेक वर्षे मोजली. पण ती परत आल्यावर त्यांनी जे केले, ते मंडळीतल्या प्रत्येक पाळकाने आणि पंचाने जवळून पाहावे असे आहे. त्या काळात नवऱ्याचा शब्द घरात शेवटचा असे. मिशन, पगार, समाज, सगळे त्यांच्या बाजूला. एका वाक्यात ते ती वेगळी चूल मोडू शकत होते. त्यांनी ती चालू दिली. घर ख्रिस्ती गृहस्थाचे असूनही एका ब्राह्मण बाईचे सोवळे त्यात नांदले, आणि त्यातून होणारी रोजची गैरसोय घरातल्या बलवान माणसाने सोसली.

मग राहुरीच्या दिवसांत लक्ष्मीबाईंच्या मनात विचार आला: ही जातीची उतरंड देवाने रचली की माणसाने? उत्तर त्यांचे त्यांनीच शोधले. एकदा ते सापडल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचे खायला सुरुवात केली आणि 1900 साली बाप्तिस्मा घेतला. तोपर्यंत टिळकांच्या बाप्तिस्म्याला पाच वर्षे झाली होती. सक्ती झाली असती तर लक्ष्मीबाई कदाचित अंगाने आल्या असत्या, मनाने आल्या नसत्या. आणि मराठीला लाभलेले ते निर्भय आत्मचरित्रही बहुधा असे उतरले नसते.

ताटातल्या पदार्थावरून मंडळीत तेढ पडणे ही पहिल्या शतकाइतकी जुनी गोष्ट आहे. सम्राट क्लॉडियसने 49 च्या सुमारास यहुद्यांना रोममधून घालवले. 54 मध्ये तो वारल्यावर ते परतू लागले. मधल्या काळात रोमच्या ख्रिस्ती मंडळीत बिगर-यहुदी लोकांचे वजन वाढले होते. परतलेल्यांपैकी काही जण मांस टाळत, फक्त भाजीपाला खात, ठरावीक दिवस पाळत. बाकीच्यांना हे खुळचट वाटे. भाजी खाणाऱ्यांना मांस खाणारे भ्रष्ट वाटत. सन 57 च्या आसपास प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला जे पत्र लिहिले, त्याचा चौदावा अध्याय याच भांडणावर आहे.

पौलाचे स्वतःचे मत उघड होते: कोणतेही अन्न मुळात अशुद्ध नाही. म्हणजे वादात तो मांस खाणाऱ्यांच्या बाजूचा. तरीही त्याने भाजी खाणाऱ्यांना ‘सुधारा’ असे सांगितले नाही. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये, आणि प्रत्येकाने आपल्या मनाशी पक्की खात्री करून घ्यावी, असे त्याचे सांगणे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने ओझे कुणाच्या खांद्यावर टाकले. ज्याचा विश्वास दणकट, ज्याला मोकळीक आहे, त्याने भावाखातर आपली मोकळीक बाजूला ठेवावी. मंडळ्यांतून हा अध्याय पुष्कळदा वाचला जातो. पण ‘एकमेकांना सांभाळून घ्या’ एवढाच त्याचा सारांश काढला, की कुणी कुणाला सांभाळायचे हा त्यातला खरा प्रश्न निसटतो.

पंडिता रमाबाईंच्या वाट्याला याची उलटी बाजू आली. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांचा बाप्तिस्मा झाला. भगिनी जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. प्रेम खरे होते, दोन्हीकडून. पण रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही, अंडेही खाल्ले नाही, तेव्हा भगिनी जेराल्डीनना त्यात जातीचा अभिमान दिसू लागला. क्रुसावरची अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृतात असावीत, असे रमाबाई म्हणाल्या. त्यावरूनही पत्रापत्री झाली. रमाबाईंनी कळवले, की त्यांना स्वतःची सद्सद्विवेकबुद्धी आहे. पुरोहितांचे एक जोखड मोठ्या मुश्किलीने मानेवरून उतरवले आहे आणि तसलेच दुसरे त्या चढवून घेणार नाहीत. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डॉरोथिया बील यांना हा स्वभाव अधिक उमगला. त्या रमाबाईंशी शंकांवर वाद घालत, पण शंका घेण्याचा हक्क नाकारत नसत.

भगिनी जेराल्डीन दुष्ट नव्हत्या. ज्या मठाने आश्रय दिला, रमाबाईंच्या मुलीला सांभाळले, शिकवले, त्या मठाला नव्या विश्वासिणीने निदान ताटात तरी आपल्यासारखे व्हावे असे वाटणे माणसासारखेच आहे. पण देणारा हात वर असतो, आणि वरच्या हाताला आपली सवय हाच धर्म वाटू लागतो. मतभेदाचा आदर नेमका इथे अडतो.

रमाबाई स्वतः ‘वरचा हात’ झाल्या, तेव्हा त्यांनी काय केले? 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. तिथे हिंदू विधवांना आपापले आचार पाळायची मुभा होती. पुण्याला आल्यावर मात्र वाद पेटला. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार बंद करत नसत, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. दार लावून घ्या, असा आग्रह झाला. रमाबाईंनी तो मानला नाही. 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार समितीतून बाहेर पडली. त्या उघड्या दाराबद्दल आजही दोन मते असू शकतात. लहान, आधार तुटलेल्या मुलींवर अशा दाराचा काहीच भार पडत नव्हता असे म्हणणे कठीण आहे. रानड्यांची काळजी खोटी नव्हती.

पुढे रमाबाईंच्याच केडगावच्या मुक्ती सदनात 1905 मध्ये आध्यात्मिक जागृतीची लाट आली. मुली मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, कुणी अनोळखी भाषांत बोलू लागल्या. शिस्तशीर उपासनेची सवय असलेल्या अनेक मिशनऱ्यांना हे मानवले नाही. रमाबाईंनी तो ओघ अडवला नाही. त्यांच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी 1906 मध्ये त्या अनुभवावर पुस्तिका लिहिली, पण अशा भाषेत बोलता येणे हीच पवित्र आत्म्याची एकमेव खूण, असा नियम मुक्तीने घातला नाही. अमेरिकेतल्या पेंटेकोस्टल चळवळीत त्याच सुमारास तो नियम घट्ट होत होता.

आता एक अवघड प्रश्न. लक्ष्मीबाईंचे सोवळे हा निव्वळ आहाराचा प्रश्न नव्हता. त्याच्या मुळाशी जात होती. मग जातीलाही ‘वैयक्तिक श्रद्धा’ म्हणून सांभाळून घ्यायचे का? पौलाचेच उदाहरण घ्यावे. रोमच्या भाजी खाणाऱ्यांशी इतक्या मऊपणाने वागणारा हाच पौल अंत्युखियात पेत्राला सर्वांदेखत खडसावतो. कारण तिथे पेत्र बिगर-यहुदी भावांच्या पंक्तीतून उठला होता. स्वतःच्या ताटात काय असावे हे ज्याचे त्याने ठरवावे. शेजारी कोण बसावे हे मात्र ठरवू नये. तंजावर-मद्रासकडच्या मंडळ्यांत जातवार बसण्याची रीत होती. 1833 मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी ती मोडण्याचा हुकूम काढला, तेव्हा पुष्कळ लोक मंडळी सोडून गेले. विल्सन बरोबर होते. लक्ष्मीबाईंनी कुणाला पंक्तीतून उठवले नव्हते; त्या स्वतः बाजूला बसल्या होत्या, आणि त्यांच्यासाठी पंक्तीत जागा राखलेली होती. फरक बारीक आहे, पण सगळा निवाडा त्याच फरकावर ठरतो.

छत्तीसगडची मंडळी या बाबतीत मराठी मुलखापेक्षाही गुंतागुंतीची आहे. 1868 मध्ये जर्मन-अमेरिकन इव्हँजेलिकल मिशनचे ऑस्कर लोर या भागात आले आणि बिश्रामपूर वसवले. त्यांचे काम मुख्यतः सतनामी समाजात. गुरू घासीदासांच्या सतनाम पंथात मांस, मद्य, तंबाखू वर्ज्य. काही लाल भाज्यासुद्धा. अशा घरातून आलेल्या माणसाला जेवणातला निषेध ही किरकोळ बाब कशी वाटावी? बिलासपूरला 1885 मध्ये डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट पोचले. त्यांच्यात बाप्तिस्मा फक्त जाणत्या माणसाचा, तोही पूर्ण बुडवून, आणि प्रभुभोजन दर रविवारी. धमतरीला 1899 मध्ये अमेरिकन मेनोनाइट आले. ते शपथ घेत नाहीत, शस्त्र धरत नाहीत. त्यांच्या परंपरेत बायका प्रार्थनेच्या वेळी डोके झाकतात. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला तशी केरळची सीरियन परंपरेची कुटुंबे आली, आणि उत्तरेकडे जशपूरच्या टापूत उरांव कॅथलिकांची मोठी वस्ती आधीपासून आहेच. एवढ्या एका मुलखात ख्रिस्ती जगातले निम्मे मतभेद नांदतात.

हे सगळे एका घरात कसे आणायचे, याचा एक खटाटोप नागपुरात झाला. 29 नोव्हेंबर 1970 रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, मेथॉडिस्टांची एक शाखा, बाप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स अशा सहा मंडळ्या एकत्र आल्या. बोलणी 1929 पासून, म्हणजे चाळीस वर्षे चालली होती. सर्वांत चिवट गाठ बाप्तिस्म्याची. रायपूर-बिश्रामपूरकडची इव्हँजेलिकल मंडळी युनायटेड चर्चमधून आली; त्यांच्यात तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडत. बिलासपूरच्या डिसायपल्सना तो बाप्तिस्माच वाटत नसे. आता दोघे एकाच सनदेखाली.

तोडगा असा निघाला: दोन्ही रीती मान्य. ज्यांना बाळाचा बाप्तिस्मा हवा त्यांनी तो करावा, मग पुढे जाणतेपणी दृढीकरण. ज्यांना नको त्यांनी बाळाला उपासनेत आणून अर्पणविधी करावा, मग जाणते झाल्यावर बाप्तिस्मा. ज्या पाळकाच्या मनाला बाळाचा बाप्तिस्मा पटत नाही, त्याच्यावर सक्ती नाही. त्याने दुसऱ्या पाळकाला बोलवावे. या शेवटच्या कलमाची मोठी थोरवी आहे. अडचण पाळकाची, म्हणून खटपटही पाळकाची. बाळाच्या आईबापांना रिकाम्या हाताने घरी जावे लागत नाही. अर्थात सगळे सुटले नाही. मेथॉडिस्ट चर्च इन सदर्न एशिया अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले. धमतरी आणि चांप्याचे मेनोनाइटही आपल्या जागीच राहिले, आणि त्यात त्यांची अप्रतिष्ठा नाही.

एकत्र न येताही एकमेकांना मान देता येतो, याची खूण भारताच्या संविधानातही आहे. तिसऱ्या अनुसूचीनुसार पदाची शपथ दोन तऱ्हांनी घेता येते, ईश्वराला साक्षी ठेवून किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करून. दोघांचा हुद्दा, दोघांची सही एकाच किमतीची. शपथ न घेणाऱ्या मेनोनाइटाला यासाठी कुणाची माफी मागावी लागत नाही.

आजच्या मंडळ्यांतले प्रश्न याच जातीचे आहेत, फक्त नावे बदलली आहेत. लग्न होऊन आलेल्या सुनेने मंगळसूत्र घालावे का, कपाळाला टिकली लावावी का, दागिने अंगावर ठेवावेत का. शेजारच्या मराठी घरातून गणपतीचे मोदक आले तर ते घ्यावेत की हात जोडून नको म्हणावे. लग्नात वाजंत्री आणि नाच असावा की नाही. नाताळच्या केकमध्ये वाइन चालेल का. एका घराला यात काहीच वावगे दिसत नाही, दुसऱ्या घराची झोप उडते. दोन्ही घरे रविवारी एकाच बाकावर बसतात. मोदकाच्या, म्हणजे मूर्तीला वाहिलेल्या अन्नाच्या, प्रश्नावर तर पौलाने करिंथच्या मंडळीला सविस्तर लिहून ठेवले आहे, आणि तिथेही त्याचा कल मोकळिकीकडे असून सावधगिरीचा भार मोकळ्या माणसावरच आहे.

अशा वेळी पंचकमिटीने ठराव करून एक बाजू उचलावी ही मागणी हमखास येते. कमिटीने ती मान्य करण्याआधी एवढेच तपासावे, की तक्रार करणाऱ्याला स्वतःपुरते काही पाळायचे आहे, की दुसऱ्याला पंक्तीतून उठवायचे आहे. पहिल्याला जागा करून द्यावी: न पिणाऱ्यांसाठी सरबत वेगळे ठेवावे, शाकाहारी पंगत प्रीतिभोजनात मागच्या कोपऱ्यात न मांडता मधोमध मांडावी, डोके झाकणाऱ्या बाईकडे आणि न झाकणाऱ्या बाईकडे बायबलवाचनाची पाळी सारखीच यावी. दुसऱ्याला मात्र ‘नाही’ म्हणावे, आणि ते पाळकाने स्वतः, त्याच्या घरी जाऊन, समोर बसून सांगावे.

लहानपणी बाप्तिस्मा झालेला एखादा तरुण पुन्हा बुडवून बाप्तिस्मा मागतो, हा प्रश्न तर अजूनही येतो. नागपूरच्या त्या सनदेने त्याचे उत्तर एका ओळीत दिले नाही. पाळकाने तो बिशपकडे न्यावा आणि बिशपने पालक या नात्याने सल्ला द्यावा, अशी तरतूद ठेवली. तो सल्ला त्या तरुणाला बोलावून, त्याचे पूर्ण ऐकून घेऊन दिला जातो की चिठ्ठीवर सही होऊन येतो, यावर तो तरुण मंडळीत टिकतो की पुढच्या रविवारी गावाबाहेरच्या दुसऱ्या सभेला जातो, हे बरेचदा ठरते.