पाऊस तेवढाच, पण वेळ चुकलेली

(देणगीदारांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



येत्या तीस-चाळीस वर्षांत हवामान बदलाने काय होईल यावर बोला, असं मला सांगितलं आहे. मी शास्त्रज्ञ नाही. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर शेती आणि पाण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. म्हणून जगाचं चित्र थोडक्यात सांगतो आणि लगेच तिकडे वळतो.

कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग असत. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. तापमानवाढ शक्यतो १.५ अंशांच्या आत ठेवायची, असं २०१५ साली पॅरिसला सगळ्या देशांनी ठरवलं. एकट्या २०२४ सालापुरती ती रेषा ओलांडली गेली. करार अनेक वर्षांच्या सरासरीचा आहे, त्यामुळे तो अजून मोडलेला नाही. पण आजच्याच वाटेने चाललो तर शतक संपताना वाढ ३ अंशांच्या आसपास असेल, असा अंदाज आहे. हिमनद्या आणि समुद्राची पातळी याबद्दल तुम्ही वर्तमानपत्रात वाचताच, ते सोडून देतो.

मला सगळीकडे एकच प्रश्न विचारतात: पाऊस कमी होणार का? आपल्या मान्सूनबद्दल शास्त्रज्ञांचं म्हणणं उलट आहे. हवा १ अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. त्यामुळे पुढच्या दशकांत मान्सूनचा एकूण पाऊस वाढण्याचीच शक्यता जास्त. मग अडचण कुठे आहे? १९५० ते २०१५ या काळातल्या नोंदी तपासल्या तेव्हा मध्य भारतात एकूण पाऊस घटलेला दिसला, पण मोठ्या पट्ट्यात एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झालेल्या दिसल्या. त्याला बाष्प पुरवणारा मुख्यतः आपला अरबी समुद्र. म्हणजे पाऊस येईल, पण थोड्या दिवसांत, धबाधबा, आणि मध्ये लांब उघडीप देऊन.

शहरात याचा अर्थ लोकल बंद पडणं. मोखाड्यात काय होतं ते सांगतो.

तिथला शेतकरी एप्रिल-मे महिन्यात पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजतो. त्या जागेवर भाताची रोपं करतो. जूनच्या पहिल्या सरींवर रोपं उगवतात, तीन-चार आठवड्यांनी आवणी होते, दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास कापणी. या साखळीतली प्रत्येक कडी पावसाच्या तारखेला बांधलेली आहे. जूनमध्ये दोन सरी पडून पंधरा दिवस उघडीप झाली की रोपं करपतात. घरात दुसऱ्या पेरणीपुरतं बी असेलच असं नाही. आणि ऑक्टोबरमध्ये कापलेलं भात शेतात आडवं पडलेलं असताना पाऊस आला, की दाणा जागेवरच मोड धरतो. २०१९ साली परतीच्या पावसाने हेच केलं. त्या वर्षाची पावसाची आकडेवारी पाहिलीत तर भरघोस दिसेल!

पाण्याचंही तसंच. या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मे महिन्यात पाड्यांवर टँकर जातो. खाली काळा कातळ आहे, वर मातीचा पातळ थर. पाणी मुरायला वेळच मिळत नाही, ते थेट वैतरणेत जातं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी एक, मध्य वैतरणा, मोखाडा तालुक्यात आहे. मुंबईत राहणाऱ्यांच्या घरच्या नळात तिकडचा पाऊस येतो. ज्याच्या डोंगरावर तो पडला त्याच्या घरची बाई दोन हंडे डोक्यावर घेऊन चढ चढते. हा दोष हवामान बदलाचा नाही, आपला जुना अन्याय आहे. पण पाऊस जितका एकदम कोसळेल तितका तो कमी मुरेल, आणि हे चढणं मार्चपासूनच सुरू होईल.

पीक गेलं की कुटुंब दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातं. भट्टीवरचं काम उन्हातलं, वर भट्टीची धग. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ साली हिशेब मांडला, की उष्णतेमुळे २०३० सालात भारतातले ५.८ टक्के कामाचे तास वाया जातील. हा आकडा कार्यालयात बसणाऱ्याला लागत नाही. भट्टीवर मजुरी हजार विटांवर मिळते. दुपारी दोन तास सावलीत बसलात तर तेवढ्या विटा कमी, आणि उचल फिटायला तेवढी जास्त वर्षं.

आता ताटातलं. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणाने मुलं गेली, ते आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. हवेतला कार्बन डायऑक्साइड या शतकाच्या मध्यावर जिथवर पोचू शकतो, तेवढा उघड्या शेतात सोडून भात पिकवून पाहिला गेला. दाणे आले, पण त्यांत प्रथिनं सुमारे ८ टक्के, लोह ५ टक्के आणि जस्त ३ टक्के कमी भरलं. पोटभर जेवणाऱ्याला हा फरक कळणारही नाही. ज्या मुलाच्या ताटात भातच भात आहे त्याला तो भारी पडेल. त्याच प्रयोगांत ज्वारी-मक्यासारख्या धान्यांवर परिणाम कमी दिसला, आणि नागली याच जातकुळीतली आहे. नागलीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्याचा लहानसा अंशही नाही. नागली आणि वरई माळावरच्या वरकस जमिनीत येतात, उघडीप भातापेक्षा बरी सोसतात. रेशनचा तांदूळ आला आणि त्या मागे पडल्या. रेशनला मी नावं ठेवत नाही, त्याने माणसं जगली. पण नागलीचं बी घरोघरी संपत आलं आहे, आणि बी संपलं की पैशाने परत येत नाही.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे तुम्हाला माहीत असतील. महादेव कोळी समाजातल्या या बाईंनी गावठी वाणांचं बी घरात जपलं, वाढवलं, वाटलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यासारखी जाणकार बाई आमच्या बहुतेक पाड्यांवर असते. तिच्या कणगीत काय शिल्लक आहे हे विचारायला कोणी जात नाही, एवढंच.

म्हणून आता तुमच्याशी पैशाचं बोलतो. दरवर्षी आपण चादरी, ताडपत्र्या आणि शिध्याची पाकिटं वाटतो. त्याचे फोटो छान येतात, आपल्या त्रैमासिकातही छापून येतात. वादळ आलं तर ते लागणारच, बंद करा असं मी म्हणत नाही. पण पुढच्या दशकांत प्रत्येक दोन-तीन वर्षांनी असं एखादं वर्ष येणार असेल, तर प्रत्येक वेळी नुकसान झाल्यावर पोचणारी मदत पुरी पडणार नाही. योसेफाने मिसर देशात कोठारं भरली ती सुकाळाच्या वर्षांत, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे.

कार्यसमितीपुढे माझी मागणी अशी आहे. मदतीच्या निधीतला निम्मा भाग तीन वर्षांसाठी बांधून द्यावा. त्यातून पाड्यागणिक धान्यकोठी उभी राहावी, जिथून पावसाळ्यात खावटीला धान्य आणि दुबार पेरणीला बी उसनं मिळेल आणि कापणीनंतर परत भरता येईल. झऱ्यांभोवती बांधकाम करून त्यावर झाकण बसवावं. पावसाळा सरता सरता रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती भरून ओढ्यांवर वनराई बंधारे घालावेत. त्याला खर्च फार नाही, माणसं लागतात. अशा बंधाऱ्याच्या पाण्यावर हरभरा, भाजी, थोडा मोगरा होतो, आणि काही कुटुंबांना भट्टीची उचल घ्यावी लागत नाही. सगळ्यांना नाही, काहींना.

या कामाचे फोटो चांगले येणार नाहीत. झाकलेला झरा फोटोत नुसता सिमेंटचा ठोकळा दिसतो, आणि पहिल्या वर्षी कोठी अर्धीच परत भरेल. त्या वर्षीचा अहवाल वाचून हात आखडता घेऊ नका, एवढी विनंती आधीच करून ठेवतो.

समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. तुमच्या मंडळीचे जे प्रतिनिधी त्यात बसतात, त्यांना तुमचं मत त्याआधी कळवा. विरोधात असेल तरी कळवा. आणि ज्यांना पाहायचं आहे त्यांनी ऑगस्टमध्ये धबधबे बघायला येण्याऐवजी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात या. राहायची सोय आम्ही करू, आंघोळीला मात्र एकच बादली मिळेल.