दुमजली बस आणि जलद मार्गाची कसोटी

(परिवहन कार्यशाळेतील प्रशिक्षणार्थींपुढे केलेले भाषण)

मुंबईच्या रस्त्यांवर दुमजली बस १९३७ साली आली. १५ सप्टेंबर २०२३ रोजी ‘बेस्ट’च्या शेवटच्या डिझेल दुमजली बसने प्रवाशांचा निरोप घेतला. तत्पूर्वी, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, विजेवर चालणारी वातानुकूलित दुमजली बस सेवेत दाखल झाली होती. ही नवी गाडीही एक दिवस जुनी होणार आहे. त्या वेळी तिला कोणते काम द्यावे आणि कोणते देऊ नये, याचा निर्णय आज येथे बसलेल्या तुम्हा तरुणांनाच करावा लागेल. म्हणून हा विषय मी निवडला.

जलद मार्गावर थांबे कमी, तेव्हा गाडीची झीजही कमी, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. थांब्याथांब्याला उभ्या राहणाऱ्या गाडीचे क्लच, गिअर आणि ब्रेक झिजतात. जलद गाडीत भार इंजिनावर, बेअरिंगांवर, टायरांवर आणि रेडिएटरवर पडतो. जुन्या रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचलेले असतात. गर्दीच्या रस्त्यावर ते कदाचित जाणवणार नाही. परंतु लांब चढावर भरलेली गाडी सतत जोर लावू लागली, की पाणी उकळू लागते.

ब्रेकचे गणित याहून कठोर आहे. वेग दुप्पट झाला की गाडीतील गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी ३० किलोमीटर वेगाने सुरक्षित वाटणारी गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने थांबविताना ब्रेक ड्रमांना चौपट उष्णता सोसावी लागते. शिवाय वरच्या मजल्यावर माणसे बसली की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो. स्प्रिंगा आणि धक्काशोषक थकलेले असतील, तर वळणावर ती अधिक झुकते. वरच्या मजल्यावर उभ्याने प्रवास करू न देण्यामागे हेच कारण आहे. ब्रिटनमध्ये तर वरच्या मजल्यावर पूर्ण भार ठेवून गाडी २८ अंशांपर्यंत कलती करून तिची स्थिरता तपासण्याची पद्धत आहे.

मग जुनी दुमजली गाडी जलद मार्गावर चालूच शकत नाही काय? लंडनचा अनुभव याचे उत्तर देतो. तेथील ‘रूटमास्टर’ बस १९५६ साली सेवेत आली. तिचा सांगाडा हलक्या ॲल्युमिनियमचा होता आणि कार्यशाळेत तिचे भाग सुटे करून संपूर्ण दुरुस्ती करता यावी, अशी तिची रचना होती. १९६२ साली उपनगरांकडे जाणाऱ्या ‘ग्रीन लाइन’ जलद सेवेसाठी तिची निराळी आवृत्ती काढण्यात आली. साधी गाडीच जलद मार्गावर लोटली नाही, हे ध्यानात घ्या. मागील आसाचे गुणोत्तर बदलले, आसने ६४ वरून ५७ केली, दरवाजे बसविले. १९६५ च्या लांब आवृत्तीला अधिक मोठे इंजिन दिले.

पुढे या गाड्या साध्या मार्गांवर गेल्या, काही चालकांच्या प्रशिक्षणासाठी वापरल्या गेल्या. परंतु १९८९ साली, सुमारे सत्तावीस वर्षे वयाच्या यांपैकी काही गाड्या पुन्हा सज्ज करून पूर्व लंडनमधील बेक्टनपासून मध्य लंडनकडे जाणाऱ्या ‘एक्स १५’ या जलद मार्गावर आणण्यात आल्या. नव्वदीच्या दशकात अनेक रूटमास्टरांना नवी इंजिनेही मिळाली. ९ डिसेंबर २००५ रोजी नियमित सेवेतून त्यांना निवृत्ती मिळाली.

यातून घ्यावयाचा बोध असा, की गाडीचे वय केवळ वर्षांत मोजून भागत नाही. तिने कोणते काम केले आणि तिची देखभाल कशी झाली, हे पाहावे लागते. मात्र याचा अर्थ आयुर्मर्यादेकडे दुर्लक्ष करावे, असा कोणी घेऊ नये. रूटमास्टरच्या दीर्घायुष्यामागे मूळची रचना, सुटे भाग आणि कुशल हात होते. हे तिन्ही नसतील, तर जुनी गाडी जलद मार्गावर पाठविणे म्हणजे प्रवाशांच्या जिवाशी खेळणे होय.

विजेच्या बसलाही हेच लागू आहे. बॅटरीची साठवणक्षमता वयोमानाने घटते. ब्रेक लावताना परत मिळणारी ऊर्जा थांबे कमी असलेल्या मार्गावर कमी मिळते आणि वाढत्या वेगाबरोबर हवेचा विरोध वाढून वीज अधिक खर्च होते. म्हणून नवी असताना जो मार्ग ती सहज पार करते, तोच काही वर्षांनी तिला जड जाऊ शकतो.

तेव्हा मित्रहो, गाडी मार्गावर पाठविण्यापूर्वी तिची नोंदवही वाचा, ब्रेक आणि टायर स्वतः पाहा, आणि चालकाची तक्रार ऐकून घ्या. गाडीतील बदल त्याला सर्वांआधी जाणवतो. ती जलद मार्गास योग्य नाही असे दिसले, तर तसे स्पष्ट लिहा. त्यामुळे एखादी फेरी रद्द झाली तरी चालेल. वरच्या मजल्यावर पुढच्या आसनासाठी धावत जाणारे मूल सुखरूप घरी पोहोचले पाहिजे.