मातीने रंगविलेली बाटली

बाजाराच्या दिवशी गोटी सोडा प्यायला नाही असा माणूस आपल्याकडे विरळाच. अंगठ्याने गोटी आत दाबायची, फस्सकन आवाज होतो आणि नाकात झिणझिण्या येतात. ही बाटली मूळची विलायतेची. लंडनच्या हायरम कॉड यांनी १८७२ साली ती सुधारून नोंदविली. आतल्या वायूच्या दाबानेच गोटी रबराच्या कड्याला घट्ट बसते, वेगळं बूच लागत नाही.

आमच्या शाळेमागे झाडांसाठी खड्डे घेताना मुलांना अशीच एक बाटली सापडली. मान फुटलेली, गोटी गायब. (गोटीसाठी बाटली फोडण्याचा पोरांचा उद्योग तेव्हाही होताच.) पण उन्हात धरली तर काय! मोरपंखी, जांभळी, मधेच सोनेरी. एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, हिच्यावर रॉकेल सांडलंय." मलाही तसंच वाटलं. राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि चांगली खसखसून घासली. रंगाचे पापुद्रे सुटले आणि पाण्याबरोबर मोरीत गेले. हातात उरली पांढुरकी, खरबरीत काच. पोरं काही बोलली नाहीत. तेच जास्त लागलं.

मग वाचायला बसलो. तो रंग नव्हताच मुळी. काच करताना वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळवतात. बाटली ओल्या मातीत वर्षानुवर्षे पडली की पाणी त्यातला सोडा हळूहळू ओढून घेते. मागे वाळूच्या अंशाचे अतिशय पातळ थर राहतात, कांद्याच्या पातीहूनही कितीतरी पातळ. थराच्या वरच्या आणि खालच्या अंगावरून परतणारे किरण एकमेकांना भेटतात, तेव्हा काही रंग उजळतात, काही मावळतात. साबणाच्या फुग्यावर दिसते तीच ही किमया. म्हणून बाटली फिरवली की रंग बदलतो, ओली केली की फिका होतो. जुन्या रोमन काचभांड्यांवर हीच झळाळी असते. अमेरिकेतल्या लुई टिफनी यांनी ती पाहूनच भट्टीत, धातूंच्या क्षारांनी, तशी काच मुद्दाम बनविली.

नुसत्या झळाळीवरून वय मात्र ठरत नाही. ते काचेच्या मिश्रणावर नि जमिनीवर अवलंबून. वयासाठी शिवण पाहावी. साच्याची रेघ तोंडाच्या खालीच थांबली, तर तोंड बहुधा हाताने घडवलेलं. थेट काठावर गेली, तर बाटली यंत्राची असण्याचा संभव, म्हणजे साधारण १९०३ नंतरची. आणि प्रत्येक बाटली साहेबाचीच समजू नका. एकेक पैसा जमवून उभा राहिलेला पैसा फंडाचा काच कारखाना तळेगावला १९०८ साली सुरू झाला होता.

तेव्हा अशी बाटली मिळाली तर घासू नका. चिंच, लिंबू, आम्ल काही लावू नका. माती सुकू द्या, मऊ कुंचल्याने झटका, कापसावर ठेवा. आत काही द्रव किंवा पूड असेल तर हुंगू नका आणि मुलांच्या हाती देऊ नका. जुन्या बाटल्यांत विषारी औषधंही असत.

एक गोष्ट जरा स्पष्टच सांगतो. गावाच्या पांढरीत बाटलीच्या लोभाने कुदळ घालू नका. शेतात घालायला, धाब्याला, तिथली माती आपण पिढ्यान्‌पिढ्या नेली, आणि तिच्याबरोबर खापरं, बांगड्यांचे तुकडे, मणीही गेले. कुठल्या थरात काय होतं, हे एकदा उकरलं की कोणालाच सांगता येत नाही. जमिनीत दडवलेली दहा रुपयांवरची चीज सापडली तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरांना कळवावं लागतं. विहिरीचा गाळ काढताना, पाया खणताना आपोआप जे येईल, ते किती हातांवर आलं हे लिहून ठेवा.

आमच्या त्या बाटलीच्या खाचेत चवलीएवढा एक ठिपका शाबूत राहिला आहे. मधल्या सुट्टीत मुलं तो खिडकीशी नेऊन बघतात. धुवायचं नाव कोणी काढत नाही.