चपलांजवळ कोण बसतंय?



रायगड जिल्ह्यात करमणुकीचं मोठं उद्यान बघायचं तर खोपोलीजवळ इमॅजिकाला जावं लागतं. मनमोहन शेट्टी यांनी ते २०१३ साली सुरू केलं, आता ते संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाकडे आहे. तिथला नायट्रो नावाचा रोलर कोस्टर माणसाचे पाय अधांतरी लोंबकळत ठेवतो आणि त्याला खुशाल उलटापालटा करतो. पण आज मी बोलणार आहे ते अलिबाग-मुरूड रस्त्यावरच्या काशीदच्या किनाऱ्याबद्दल. काशीदला तटबंदी नाही की तिकीटखिडकी नाही. गाडी लावल्याची पावती फाडली की तुम्ही आत. आत म्हणजे काय, तर सुरूची झाडं, त्यापुढे तीनेक किलोमीटर फिक्या वाळूची पुळण, आणि त्या पुळणीवर रविवारी मांडलेला सगळा खेळ. घोडे, उंट, चारचाकी बाइक, बनाना, बंपर, भज्यांचा घाणा, मॅगी, शहाळी, बर्फाचा गोळा.

मी याच रस्त्यावर राहते, त्यामुळे हा खेळ बघायला येणारी माणसंही माझ्या बघण्यात आहेत. त्यातली बरीचशी पुन्हा पुन्हा येणारी. डोंबिवलीची, ठाण्याची, पुण्याची. आमच्या किनाऱ्याला समुद्राची काही टंचाई नाही. वरसोली, अलिबाग, आक्षी, नागाव, रेवदंडा हे सगळे काशीदच्या आधी लागतात, आणि पुढे गेलात तर नांदगाव आहे, मुरूड आहे. तरी काही घरं हे सगळे किनारे ओलांडून, खड्डे खात, काशीदलाच येतात. वर त्याला ‘आमचं काशीद’ म्हणतात. जिथे ना घर, ना शेत, ना कुलदैवत, त्या जागेला माणूस ‘आमची’ कशाच्या जोरावर म्हणतो?

पहिलं उत्तर कुणीही देईल: मजा येते म्हणून. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. बनानाचंच घ्या. पिवळ्या रबरी नळकांड्यावर पाच-सहा जण ओळीने बसतात, पुढची स्पीडबोट ते ओढते, आणि खोल पाण्यात गेल्यावर बोटवाला असं काही वळण घेतो की सगळे समुद्रात. तो मुद्दाम पाडतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पैसे त्याचेच दिलेले असतात, तरी किंचाळायचं ते किंचाळतातच. पण हीच बनाना तारकर्लीला आहे, गोव्याला आहे. समुद्रही सगळीकडे तितकाच खारट. नुसत्या मजेपायी जीव जडायचा तर तो बनानावर जडला असता, काशीदवर नाही.

मानसशास्त्रात एक गमतीदार प्रयोग आहे. १९९३ साली डॅनियल काहनेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना थंडगार पाण्यात हात धरायला लावला. एकदा चौदा अंश सेल्सिअसच्या पाण्यात साठ सेकंद. दुसऱ्यांदा तेवढंच, आणि वर आणखी तीस सेकंद. मात्र त्या तीस सेकंदांत पाण्याचं तापमान हळूच अंशभर वाढवलं. मग विचारलं, यातलं पुन्हा काय करायला आवडेल? बहुतेकांनी जास्त वेळ त्रास देणारा दुसरा प्रकार निवडला. कारण माणूस घटनेची लांबी मोजत बसत नाही. त्यातला सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट, एवढंच त्याच्या लक्षात राहतं. आता एखाद्या घराची काशीदची सहल डोळ्यांपुढे आणा. पहाटेची धावपळ, गाडी लागलेलं पोर, भाजून काढणारं ऊन, कपडे बदलायच्या खोलीपुढची रांग, आणि मध्ये कुठेतरी दहा मिनिटांची बनाना. संध्याकाळी गरम भजी पोटात गेली, सूर्य मावळला, की घरी जाऊन सगळे म्हणणार, काय मस्त झालं! बाकीचे सात तास हिशेबातच येत नाहीत.

इथवर ठीक. पण या प्रयोगाने एका दिवसाचं कोडं सुटतं. जो माणूस शाळेत असताना बापाबरोबर आला, कॉलेजात मित्रांबरोबर आला, लग्नानंतर बायकोला घेऊन आला आणि आता पोरांना घेऊन येतो, त्याचं काय? त्याच्यासाठी दुसरं काहीतरी शोधायला हवं.

ते मला चौलच्या जत्रेत सापडतं. रेवदंड्याला लागूनच चौल. तिथे भोवाळ्याच्या टेकडीवर दत्ताचं देऊळ आहे आणि दत्तजयंतीला टेकडीच्या पायथ्याशी पाच दिवस जत्रा भरते. आमच्या भागातल्या पोरांचा पहिला आकाशपाळणा बहुधा इथलाच. पाळण्यात बसलेल्या लहान मुलाकडे कधी नीट बघा. वर जाताना ते डोळे गच्च मिटतं किंवा समुद्राकडे बघतं. पण पाळणा खाली यायला लागला की त्याची मान वळते. गर्दीत ते एकच तोंड शोधत असतं. आई दिसली की हात वर. पुन्हा वर, पुन्हा खाली, पुन्हा तोच हात. आई जरा बाजूच्या बांगडीवाल्याकडे वळली असेल, तर पाळण्याची ती फेरी फुकट. भीती वाटली हे खरं, पण ती वाटताना आपल्याला कुणीतरी बघत होतं, ही त्यातली खरी कमाई.

म्हणून म्हणते, अशा ठिकाणी सगळ्यात महत्त्वाचा माणूस खेळणारा नसतो. जो खेळत नाही तो महत्त्वाचा. काशीदला दर घोळक्यात तो असतो. सुरूच्या सावलीत चटई टाकून बसलेला, भोवती चपलांचा ढीग, मांडीवर चार चष्मे, खिशात सगळ्यांचे मोबाइल, पिशवीत कोरडे कपडे. कधी आजी, कधी पोटुशी सून, कधी पाण्याला भिणारा काका. पाण्यात गेलेला प्रत्येक जण दर पाच मिनिटांनी त्याच्याकडे बघून हात हलवतो. तो काहीच करत नाही, पण सगळा किनारा त्याच्याभोवती मांडलेला असतो. तो उठून चहाला गेला की पोरं पाण्यातून बाहेर येऊन विचारतात, आजी कुठे गेली?

अशा बाजूला बसण्यातूनच जगातलं सगळ्यात गाजलेलं करमणूक उद्यान निघालं, हे अनेकांना ठाऊक नसेल. वॉल्ट डिस्ने शनिवारी आपल्या दोन मुलींना घेऊन लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये जायचे. मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसायच्या आणि वडील बाकावर बसून शेंगदाणे खायचे. तिथे बसल्या बसल्या त्यांच्या मनात आलं, की आईबापांना आणि पोरांना एकत्र मजा करता येईल अशी एखादी जागा असायला हवी. ही हकिगत त्यांनीच सांगितलेली आहे. १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडलं. म्हणजे सगळ्याचं मूळ चपला सांभाळणाऱ्याच्या कंटाळ्यात! मला डिस्नेंचं फारसं कौतुक नाही, पण त्या बाकाचं आहे.

आता त्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या माणसाकडे वळू. होतं काय, की जागा तीच राहते आणि माणसाची बसायची जागा बदलते. पहिल्या वर्षी तो बापाच्या खांद्यावर. मग पाण्यात. मग बोटवाल्याशी भावाची घासाघीस करणारा. एक दिवस त्याच्या लक्षात येतं की चटईवर आपण बसलोय आणि चार चष्मे आपल्या मांडीवर आहेत. हे घरात कळत नाही, कारण घरात आपण रोज असतो. ऑफिसात कळत नाही, तिथे पद बदलतं आणि खुर्चीही बदलते. वर्षातून एकदा ज्या जागी जातो, तिथेच ते लख्ख दिसतं. भिंतीवर पोरांची उंची पेन्सिलीने मांडतात ना, तसं. त्या भिंतीला रंग द्यायला कुणी तयार होत नाही.

अशा जागा आणखीही आहेत. पुण्यातल्या पेशवे पार्कात फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी १९५६ साली सुरू झाली. ती धावते किती, तर बागेला एक वळसा. तरी आजोबा, बाप आणि नातू तिघांनीही तिच्यात बसलेलं असावं, अशी कितीतरी घरं पुण्यात आहेत, आणि त्या आजोबांपुढे कुणी फुलराणीला हसून बघावं! गोराईच्या एस्सेलवर्ल्डचंही तेच. १९८९ साली ते उघडलं आणि शाळेच्या सहलींनी ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत करून दिलं. अलीकडे ते बंद पडलं, तेव्हा माझ्या ओळखीतले चाळिशीचे लोक हळहळले. मी त्यांना विचारलं, तिथला कोणता पाळणा आवडायचा? नावं धड कुणालाच आठवेनात. आठवलं ते खाडी ओलांडणारी बोट, डब्यातली पुरी-भाजी आणि शेजारी कोण बसलं होतं ते.

प्रवास हा यातला अर्धा भाग असतो. काशीदला येणारे जुने लोक अजून गेटवेहून लाँचने मांडव्याला उतरतात, वाटेत सीगल पक्ष्यांना खाऊ टाकतात, टाकू नये म्हटलं तरी टाकतात. मांडव्याहून अलिबाग, मग चौल, रेवदंडा, कुंडलिकेवरचा साळावचा पूल, कोर्लईचा किल्ला, बोर्ली. बोर्लीनंतर गाडीत स्पर्धा लागते: समुद्र आधी कुणाला दिसतो? खरं तर त्याआधी तो दोन-तीनदा दिसून गेलेला असतो. पण तो धरायचा नाही. काशीदचा दिसला तरच दिसला. हा नियम कुणी केला हे त्या घरातही कुणाला सांगता येत नाही, आणि मोडायची तर कुणाची छाती नाही. कुठे थांबून वडापाव खायचा, कुणाच्या टपरीशी चटई टाकायची, कुणाकडे जेवण सांगून ठेवायचं, सगळं ठरलेलं. देव उजव्या हाताला ठेवूनच प्रदक्षिणा घालायची, तितकं पक्कं.

अशा माणसांची आणखी एक खूण आहे. ती सतत तक्रार करतात. नवखा माणूस म्हणतो, काय सुंदर किनारा आहे! जुना म्हणतो, काशीद बिघडलं हो. गर्दी वाढली, प्लॅस्टिक वाढलं, पूर्वी इथे चिटपाखरू नव्हतं. एक गृहस्थ दर थंडीत येऊन हेच बोलतात आणि पुढच्या थंडीच्या खोलीचं सांगूनच परततात. तक्रार करायचा हक्क आपला आहे असं वाटणं, हीच जवळीक.

मात्र त्यांच्या काशीदपलीकडे आमचं काशीद आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं. सुरूची झाडं आडवी झाली, पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या वाड्या जमीनदोस्त झाल्या. पोफळ लावल्यावर सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात, म्हणजे एका दिवसात किती वर्षांचं उत्पन्न गेलं ते बघा. पुढच्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, काशीदजवळचा जुना पूल पावसात कोसळला आणि त्यात एकाचा जीव गेला. त्या काळात शहरातून जे फोन आले, त्यांत दोन तऱ्हा होत्या. काही जण विचारत, आता तिथे यायला हरकत नाही ना? आणि काही जण टपरीवाल्याचं नाव घेऊन विचारत, त्याचं छप्पर राहिलं का? दुसऱ्या तऱ्हेच्या फोननंतर काहींनी पत्र्यांचे पैसेही पाठवले. टपरीवाल्यांनाही ही माणसं नावानिशी ठाऊक असतात. यंदा आजी नाही दिसल्या, असं टपरीवाली विचारते, आणि त्या घराला आपल्या दुःखाचं एक माणूस परगावी भेटतं.

आता एक कडू गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय मला हे भाषण संपवता येणार नाही. इमॅजिकाच्या पाळण्याला पट्टा असतो, उंचीची अट असते, रोज सकाळी यंत्र तपासणारा माणूस असतो. तिथली भीती कुणीतरी मापून दिलेली असते. समुद्राची भीती कुणी मापलेली नाही. काशीदचा किनारा उतरता आहे, लाट परतताना पाय ओढते, आणि इथे माणसं बुडालेली आहेत. नवखे लोक घाबरून घोटाभर पाण्यात थांबतात. आम्हाला धास्ती असते ती ‘आम्हाला इथलं सगळं माहीत आहे’ म्हणणाऱ्यांची. ज्याला आपण लहानपणापासून ओळखतो तो आपलं वाईट करणार नाही, असा माणसाचा एक भाबडा समज असतो. समुद्र कुणालाच ओळखत नाही. जीवरक्षकाची शिट्टी झाली की ‘अहो, आम्ही दरवर्षी येतो’ हे उत्तर त्याला देऊ नका.

येणार असाल तर थंडीत या. मे अखेरीपासून पावसाळाभर गेटवेच्या लाँच बंद असतात, पाण्यातले खेळही बंद असतात, आणि तेव्हा वडखळवरून रस्त्याने आलात तरी पाण्यात उतरायचं नाही. भरती-ओहोटीची वेळ कॅलेंडरवर बघून ठेवा, नाहीतर टपरीवर विचारा, ते न बघता सांगतात. आणि चटईवर दरवेळी एकाच माणसाला बसवू नका. तासाभराने कुणीतरी बाहेर या, चपला ताब्यात घ्या आणि आजींना लाइफ जॅकेट द्या. बोटवाल्याला फक्त सांगून ठेवा, की या फेरीला पाडायचं नाही. तो पाडत नाही. आजीच मग खाली उतरून त्याच्याशी भांडतात, की मला का नाही पाडलं?