रक्तातील लोह आणि चुंबक



रक्तात लोह असते हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. परंतु ते लोह चुंबकाला जुमानते की नाही, या वरकरणी निरुपयोगी भासणाऱ्या प्रश्नामागे केवढा इतिहास उभा आहे, हे आज आपल्यापुढे ठेवावे असा माझा मानस आहे.

१८४५ च्या नोव्हेंबरात लंडन येथे मायकेल फॅरडे यांनी वाळलेले रक्त चुंबकापाशी धरून पाहिले, त्यात आकर्षणाची खूण आढळली नाही, आणि ताजे, प्रवाही रक्तही तपासले पाहिजे अशी नोंद आपल्या दप्तरी करून ते अन्य संशोधनाकडे वळले. ती तपासणी निर्णायक रीतीने झाली १९३६ साली, कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे. लायनस पॉलिंग व चार्ल्स कोरिएल यांनी हिमोग्लोबिनचे द्रावण भरलेली नळी तराजूला अशी टांगली, की तिचे खालचे टोक प्रबळ चुंबकाच्या ध्रुवांमध्ये यावे, आणि वजनात पडणारा सूक्ष्म फरक कसोशीने मोजला. प्राणवायू धारण केलेले हिमोग्लोबिन चुंबकापासून किंचित दूर सारले जाते, आणि तोच प्राणवायू सोडून दिला की चुंबकाकडे ओढले जाते, असे त्यांना आढळले. कारण प्राणवायूविरहित अवस्थेत त्यातील प्रत्येक लोह-अणूत चार इलेक्ट्रॉन जोडीवाचून राहतात, आणि प्राणवायू जडताच ती स्थिती पालटते. याच गुणभेदावर विसंबून १९९० साली सेइजी ओगावा यांनी मेंदूच्या कार्याचे चित्र घेण्याची वाट मोकळी केली.

हिमोग्लोबिनशी असा निकट परिचय झालेल्या पॉलिंग यांनी, सिकलसेल रोगात तांबड्या पेशी प्राणवायू उणावला म्हणजेच विळ्यासारख्या वाकतात हे १९४५ साली ऐकताच, दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असावा असा तर्क केला, आणि १९४९ साली सहकाऱ्यांसह तो सप्रमाण सिद्ध केला. पुढे १९६५ मध्ये माकिओ मुरायामा यांनी, अशा वाकलेल्या पेशी चुंबकीय क्षेत्रात त्याच्या दिशेशी काटकोन करून वळतात, हेही दाखविले.

हा रोग आपल्याला परका नाही. ओमानच्या ज्या बातिना किनाऱ्यावर आमचे खाबुरा वसले आहे तेथे, आणि आपल्या विदर्भातही, त्याने पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडले आहे. त्याचे अरबी-भारतीय म्हणून ओळखले जाणारे जनुकीय रूप दोन्ही मुलखांत आढळते. हाडांतील वेदनांनी तळमळणाऱ्या बालकाच्या मातेला आज आजाराचे नेमके कारण सांगता येते, आणि विवाहापूर्वी उभयतांचे रक्त तपासून पुढील पिढीचे दुःख टाळता येते. तेव्हा ही तपासणी संकोच न बाळगता करून घ्यावी.

आणि संशोधनाला मंजुरी देणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की तात्काळ उपयोगाचा दाखला नाही एवढ्याच कारणास्तव कोणाची जिज्ञासा नामंजूर करू नये. १८४५ साली विचारलेल्या प्रश्नाचा लाभ ज्यांना मिळाला, ती माणसे तेव्हा जन्मलीही नव्हती.