वडिलांची रानवाट

बेळगावच्या आमच्या घरात एक जुनी पत्र्याची पेटी आहे. तिच्या तळाशी डांबराच्या गोळ्या घालून एक काळी घोंगडी जपून ठेवलेली असे. ती आमची नव्हे, हे आम्हां भावंडांना लहानपणापासून ठाऊक होते. थंडीच्या दिवसांत कोणी ती पांघरायला मागितली की वडील म्हणत, "ती लोकांची आहे. परत द्यायची आहे." परत देणे मात्र साठ वर्षांत घडले नाही. २०२१ साली वडील वारले, आणि पेटीबरोबर ते देणेही माझ्याकडे आले.

ही घोंगडी १९६१ सालच्या डिसेंबरातली. माझे आजोबा कुळे स्थानकावर पॉइंट्समन होते. गोव्यातून घाट चढून कॅसलरॉकला जाणारी रेल्वे त्या काळी मीटरगेज होती. कॅसलरॉकला भारताचा जकातनाका, कुळ्याला पोर्तुगीजांचा. आजोबा लवकर गेले. आजीने थोरल्या मुलाला, म्हणजे माझ्या वडिलांना, शिक्षणासाठी बेळगावी नातेवाइकांकडे ठेवले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रही वेगवेगळ्या ठिकाणांहून गोव्याच्या हद्दीत शिरले, त्यांच्यावर गोळीबार झाला, वीसहून अधिक माणसे मारली गेली. त्यानंतर भारत सरकारने सीमा बंद केली आणि घाटातली गाडीही थांबली. वडील तेव्हा पंधरा वर्षांचे होते. गणपतीच्या सुटीत घरी जाऊ म्हणून त्यांनी ट्रंक बांधून ठेवली होती. ती तशीच राहिली. पुढली सहा वर्षे मायलेकरांची भेट झाली नाही. परवान्यासाठी केलेले दोन अर्ज वाया गेले. कधी काळी एखादे पत्र येई, तेवढेच.

१९६१च्या डिसेंबरात बेळगाव लष्कराने भरून गेले. मेजर जनरल कँडेथ यांच्या हाताखालची सतरावी डिव्हिजन इथूनच निघाली. १८ डिसेंबरला, सोमवारी पहाटे, सांबऱ्याच्या धावपट्टीवरून हंटर विमाने उडाली आणि त्यांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केले. वडील तेव्हा एका वखारीत कारकून होते. विमानांचा आवाज ऐकून सगळे रस्त्यावर आले, टाळ्या वाजवू लागले. आपण टाळ्या वाजवल्या की नाही, हे वडिलांना पुढे आठवत नसे. "आई त्याच बाजूला होती ना," एवढेच ते म्हणत.

दुसऱ्या दिवशी रात्री पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासाल्यु इ सिल्वा यांनी शरणपत्रावर सही केली. नाताळ सहा दिवसांवर आला होता. वडिलांनी मालकाकडे रजा मागितली, लोंढ्यापर्यंत रेल्वे आणि पुढे लाकडे वाहणारा एक ट्रक धरला आणि शुक्रवारी, २२ तारखेला सकाळी, ते कॅसलरॉकला उतरले. मोठ्या रस्त्याने जायची सोय नव्हती. त्रेसष्टावी ब्रिगेड अनमोडकडून दोन फळ्यांनी उतरली होती. मोले येथे त्या एकत्र आल्या आणि पुन्हा वेगळ्या वाटांनी फोंड्याकडे गेल्या. पोर्तुगीजांनी माघार घेताना रस्त्यांत सुरुंग पेरले होते, खांडेपारचा पूल उडवला होता. रस्ताभर लष्करी गाड्या उभ्या होत्या. रुळांवरून जावे, तर रूळ सहा वर्षे बंद. बोगद्यांत काय पुरून ठेवले असेल, कोणी सांगू शकत नव्हते. स्थानकाबाहेरच्या चहावाल्याने तर वडिलांना सरळ परत जायला सांगितले.

तिथे एक म्हातारा गवळी दुधाचे रिकामे भांडे घेऊन बसला होता. धनगर गवळ्यांच्या वस्त्या त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तो म्हणाला, "रुळानं जाऊ नको पोरा. म्हशींच्या वाटेनं चल. म्हैस नको तिथं पाय टाकत न्हाई." म्हशीला सुरुंग कळतो काय, हा प्रश्न मी लहानपणी विचारला होता. वडील हसून म्हणाले, "त्या दिवशी मला तो विचारावासा वाटला नाही."

दोघे निघाले. रात्र करंझोळच्या आसपासच्या एका गोठ्यात काढली. वडिलांना थंडी वाजून ताप भरला. म्हाताऱ्याने आपली घोंगडी त्यांच्या अंगावर टाकली आणि आपण रात्रभर शेकोटीपाशी बसून राहिला. सकाळी दूधसागरच्या खालच्या ओढ्यापर्यंत तो सोबत आला. तिथून कुळ्याची वाट दाखवून म्हणाला, "घोंगडी असू दे. परत येशील तवा दे." आणि तो वर चढून गेला. त्याचे नाव विचारायचे राहून गेले. वडील संध्याकाळी कुळ्याला पोचले. दारात उभ्या असलेल्या मिशीवाल्या तरुणाला आजीने ओळखले नाही. रविवारी मध्यरात्रीच्या मिस्सेला मायलेकरे शेजारी शेजारी बसली.

परत येताना मात्र वडील लष्कराच्या ट्रकमधून अनमोडमार्गे आले, कारण रजा संपली होती. पुढे रेल्वे सुरू झाली. दर नाताळला आम्ही गाडीने जात असू, तेव्हा घाटात वडील खिडकीशी उभे राहून दरीकडे बोट दाखवत, "इथे कुठेतरी." घोंगडी एकदाही बरोबर घेतली नाही. मला वाटते, नाव ठाऊक नसल्याची त्यांना लाज वाटत असावी. ज्याचे अन्न खाल्ले त्याला काय म्हणून हाक मारावी, हे ठाऊक नसलेला माणूस त्याला शोधायला कसा निघणार?

वडिलांची परतीची वाट अशी अर्धवट राहिली होती. म्हणून २०२४ सालच्या नाताळच्या सुटीत मी ती कुळ्याकडून वर, उलट्या दिशेने, चालायचे ठरवले. घोंगडी पिशवीत घातली. पहिली अडचण कायद्याची आली. रुळांवरून चालणे हा रेल्वे कायद्याच्या १४७व्या कलमाखाली गुन्हा आहे. सहा महिने कैद, हजार रुपये दंड किंवा दोन्ही. २०२३च्या पावसाळ्यात दूधसागर पाहायला रुळांवरून गेलेल्या तरुणांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या. वर्गात नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने या वयात उठाबशा काढणे बरे दिसले नसते. वडिलांची वाट तर रुळांच्याही बाहेरची, आज अभयारण्यात मोडणारी. तेव्हा वनखात्याची परवानगी घेऊन, वाटाड्या सोबत घेऊन, कुळ्याहून दूधसागरच्या पायथ्यापर्यंतचा भाग तेवढा मी चालू शकलो.

भल्या सकाळी निघालो. थोड्याच वेळात पर्यटकांच्या जीपगाड्या धूळ उडवीत जाऊ लागल्या. आत नारिंगी जाकिटे घातलेली मंडळी. धूळ बसली की रान पुन्हा आपले होई. ऐन, किंदळ, जांभा, मधूनमधून बांबूची बेटे. एका झाडावर शेकरू दिसले. पाणी ओलांडायचे म्हणून जोडे काढले, तर डिसेंबरातल्या त्या पाण्याने पोटऱ्यांपर्यंत कळ गेली. रेल्वेने हा घाट सव्वीस किलोमीटरांचा. मग वडिलांना दोन दिवस कसे लागले, अशी शंका मला शाळकरी वयापासून होती, आणि खरे सांगायचे तर वडील थोडे वाढवून सांगतात असे मी धरून चाललो होतो. वाटाड्याने मला जीपचा रस्ता सोडून ओढ्याकाठच्या एका जुन्या पायवाटेवर थोडे अंतर नेले. पाऊण तासात आम्ही दोनदा ओढ्यात उतरलो आणि दोनदा वर चढलो, आणि मागे पाहतो तो निघालो ते झाड समोरच! रूळ बोगद्यातून सरळ जातात; म्हैस पाण्याच्या कलाने जाते. अंगात ताप घेऊन वडील अशा वाटेने दोन दिवसांत पोचले, हेच पुष्कळ. त्या जागी बसून मी मनातल्या मनात त्यांची क्षमा मागितली.

दूधसागरचा धबधबा ३१० मीटर उंच. त्याच्या मधूनच रेल्वेचा पूल जातो. पुढचा घाट मी कुळ्याला परतून रेल्वेनेच चढलो. चढ सदतिसाला एक असल्याने मागून इंजिने जोडून गाडी ढकलावी लागते. खिडकीशी उभे राहून मी दरीकडे पाहिले, पण बोट दाखवायला जवळ कोणी नव्हते. याच घाटात दुसरा रूळ टाकायचा बेत होता. त्यासाठी हजारो झाडे जाणार म्हणून गोव्यातल्या तरुणांनी २०२० पासून चळवळ केली, आणि २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या कामाला वन्यजीव मंडळाने दिलेली मान्यता रद्द केली. एरवी मी या वादांत पडत नाही. त्या दिवशी मात्र झाडे जागेवर आहेत हे पाहून मला बरे वाटले.

कॅसलरॉकला चौकशी करता गवळ्यांच्या एका वस्तीचा पत्ता मिळाला. तिथे ऐंशीच्या आसपासची एक आजी अंगणात बसली होती. मी सगळी हकीकत सांगितली. ती म्हणाली, "तवाची विमानं आठवतात. म्हसरं दावी तोडून पळाली, दोन दिस घावली न्हाईत." म्हाताऱ्याविषयी विचारले, तर हसली. "तवा हितं चार-पाच म्हातारे हुते. सगळेच कुणाला ना कुणाला वाट दावायचे. तुझ्या बाला दावली तो कंचा, कसं सांगू?"

मी घोंगडी काढून तिच्यासमोर ठेवली. तिने ती उलगडली, काठ बोटांनी चाचपला, आणि म्हणाली, "ही आमच्यात विणत न्हाईत, गुरुजी. आम्ही म्हसरं राखणारी मानसं. घोंगडी इकत आणायची, बेळगावच्या बाजारातनं." म्हणजे साठ वर्षे आमच्या पेटीत जपलेली ती वस्तू कदाचित आमच्याच गावाहून इथे आली होती.

"मग ही कोणाला देऊ, आजी?"

तिने लगेच उत्तर दिले नाही. सुनेला हाक मारून माझ्यासाठी ताक आणायला सांगितले. मग विचारले, "तुझा बा पोचला का सणाला?"

"पोचले. दोन दिवस आधी संध्याकाळी."

"आई भेटली?"

"भेटली."

ती उठली. घोंगडी नाकाशी धरून तिने डांबराच्या गोळ्यांच्या वासाने तोंड वाकडे केले, आणि अंगणाच्या कुंपणावर ती उन्हात पसरून घातली. खुंट्याला बांधलेले रेडकू पुढे येऊन तिचा काठ चाटू लागले. आजीने त्याला हाकलले नाही. गाडीला अजून तासभर अवकाश होता. मी ताक घेऊन ओटीवर बसलो.