छोट्या रमेचं लग्न आणि आपण
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



आवडत्या मालिकेवर बोल, असं सांगितल्यावर मला आधी थोडी लाजच वाटली. मालिका म्हटलं की आपण नाकं मुरडतो आणि घरी जाऊन बघतो! तर कबूल करते, ‘उंच माझा झोका’ मला फार आवडायची. २०१२ मध्ये ती झी मराठीवर सुरू झाली, तेव्हा मी एमएसडब्ल्यू करत होते. क्षेत्रकार्यासाठी ज्या वस्तीत जायचे, तिथे संध्याकाळची बैठक मालिकेच्या आत संपवावीच लागे. मग मीही बायकांबरोबर तिथेच बसायला लागले.

छोटी रमा सगळ्यांची लाडकी. तिचं बोलणं, नऊवारी सावरत धावणं. लग्नाच्या भागाला तर बायका ‘किती गोड दिसते गं!’ म्हणत होत्या. मीही म्हटलं असेन. १८७३ साली रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या आणि न्यायमूर्ती रानडे एकतीसचे. पहिली पत्नी वारलेली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा माणूस वडिलांच्या हट्टापुढे झुकला आणि अकरा वर्षांच्या मुलीशी बोहल्यावर उभा राहिला. त्यांची घालमेल आपल्याला दिसते, कळवळाही येतो. पण त्या मुलीला काय वाटलं असेल, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही, कारण ती गोड दिसत असते.

पुढच्या बैठकीत एक बाई एकदम म्हणाल्या, ‘माझ्या लग्नात मी मांडवातच झोपले होते. तेरावं होतं. सगळे हसले. अजून सांगून हसतात.’ त्या स्वतः मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या मुलीचा, नववीतल्या, साखरपुडा ठरला होता. ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे, तो मी पाठ केलेला होता. तक्रार करते म्हटलं, तर त्या म्हणाल्या, ‘ताई, मला वस्तीत राहायचंय.’ मग घरी जाऊन बसलो, बोललो, मुलीच्या आजीचे टोमणे ऐकले. लग्न दहावीपर्यंत पुढे गेलं. मोडलं नाही. सतराव्या वर्षी झालंच. तेव्हा तक्रार करायला हवी होती का, यावर आमच्या गटात अजूनही भांडण होतं, आणि माझं मत दर वेळी वेगळं असतं.

रमाबाईंना शिकवणारा नवरा भेटला, तरी घरातल्या बायकांनी त्या शिकण्यावरून छळलं. आठवणींच्या पुस्तकात (१९१०) त्यांनीच ते लिहून ठेवलंय. मालिकेतली ही भांडणं वस्तीत अगदी रंगून पाहिली जायची. जाच करणाऱ्या बाईलाही घरात दुसरा अधिकार कुठे होता, यावर मात्र आम्ही फार उशिरा बोललो.

रानड्यांचं घर पेशानं आणि जातीनं वरचं होतं, हेही सांगायला हवं. सोनी मराठीवर २०२० मध्ये ‘सावित्रीजोती’ आली आणि त्याच वर्षी बंद झाली. प्रेक्षक कमी पडले. हळहळ आपण सगळ्यांनी व्यक्त केली. रोज बघत किती जणी होतो? मी नव्हते.

आणि रखमाबाई? अकराव्या वर्षी लग्न झालं, मोठेपणी नांदायला जायला नकार दिला. नवऱ्यानं १८८४ मध्ये दावा लावला. पहिला निकाल तिच्या बाजूने लागला, तो अपिलात फिरला. १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. १८८८ मध्ये तडजोड झाली आणि पुढे ती डॉक्टर झाली. संमतीवयाचा कायदा १८९१ चा, तोही दहाचं बारा करणारा, आणि तेवढ्यावरून केवढा गदारोळ! रोज रात्री बघावी अशी मालिका आहे यात. नुसत्या कोर्टाच्या भागांवर तीन महिने निघतील.

तोवर जुने भाग गटात लावावेत, मध्येच थांबवून बोलावं, असं आम्ही करून पाहतोय. कुणाकडे ‘सावित्रीजोती’चे भाग असतील तर पुढच्या शिबिराला आणा. प्रोजेक्टर आहे. पडदा नाही, चादर बांधू.